मीटिंग दारूच्या वेळेवर बसवा

भांडुपच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. पत्राचा गोषवारा असा:

"वय ४१. परळला एका खासगी कंपनीत स्टोअर्समध्ये आहे. संध्याकाळी भांडुपला उतरलो की स्टेशनबाहेरच्या परमिट रूममध्ये बसतो. आधी एक क्वार्टर व्हायची, दोन वर्षांपासून दीड होते. रविवारी दुपारपासूनच सुरू. सकाळी हात थरथरतात, दाढी करता येत नाही. दरवर्षी श्रावण पाळायचो. यंदा तिसऱ्या रात्री झोपच लागली नाही, अंग घामाने भिजलं, गॅलरीतून कुणीतरी हाक मारतंय असं वाटत राहिलं. चौथ्या दिवशी प्यालो. आता घरात सगळे म्हणतात, याच्यात इच्छाशक्तीच नाही. मध्यंतरी एकदा ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगला गेलो होतो. सगळं इंग्रजीत होतं, त्यात देवाचं बोलणं. मागच्या खुर्चीवरून उठून आलो. मराठी ग्रुप कसा शोधायचा? मीटिंग चर्चमध्ये का असते? तिथे बिल्डिंगमधलंच कुणी भेटलं तर? दुसरं म्हणजे, बायकोच्या कपाटात दारू सोडवायची पुडी सापडली, मला न सांगता जेवणात कालवायची. आणि मुलगी बारा वर्षांची आहे. तिला काय सांगू?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही ग्रुपबद्दल विचारलंत, पण सुरुवात श्रावणापासून करावी लागेल. तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच आहे आणि घरच्यांनी तिचा अर्थ चुकीचा लावला आहे.

व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. दीड क्वार्टर म्हणजे रोज सुमारे ९० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. इतकं अल्कोहोल वर्षानुवर्षं रोज पोटात गेलं की मेंदू त्याच्या गुंगीशी जुळवून घेतो, स्वतःला सतत जास्त चेतवून ठेवतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते आणि ती चेतना मात्र मोकाट राहते. शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत हात कापायला लागतात, घाम येतो, छाती धडधडते, मळमळतं. (सकाळी दाढी करताना जे होतं ते हेच. रात्रभरात दारू उतरलेली असते.) १२ ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत काही जणांना भास होतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत तेच समजत नाही. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. तिसऱ्या रात्री ऐकू आलेली हाक या मार्गावरची होती. चौथ्या दिवशी तुमचा संयम सुटला असं लोकांना दिसलं. प्रत्यक्षात तुम्ही वैद्यकीय देखरेखीत करायची गोष्ट घरी, एकट्याने, औषधाविना करत होता.

म्हणून पहिली सूचना: हे पत्र वाचून आज रात्रीपासून दारू एकदम बंद करू नका. आणखी वाढवूही नका. येत्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा. असा त्रास एकदा झाला की पुढच्या वेळी तो जास्त जोरात होण्याची शक्यता असते, त्यामुळे "मागच्या वेळी निभावलं" या हिशेबावर विसंबू नका.

केईएम रुग्णालय तुमच्या कामाच्या भागातच आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाका, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. सायन आणि नायर रुग्णालयांतही हा विभाग आहे. बायकोला किंवा भावाला बरोबर न्या, कारण गोळ्या कशा द्यायच्या ते दुसऱ्या कुणी ऐकलेलं बरं. डॉक्टर विचारतील: रोज किती, शेवटचा पेग कधी, फिट कधी आली होती का, भास झाले का, झोपेच्या किंवा इतर गोळ्या चालू आहेत का. प्रमाण खरं सांगा. बहुतेक पुरुष इथे अर्धंच सांगतात, मग औषधाचा डोस कमी बसतो, तिसऱ्या रात्री पुन्हा तेच होतं आणि दोष औषधाला जातो. गॅलरीतल्या हाकेचा उल्लेख चुकवू नका. त्यावरूनच दाखल करायचं की घरी उपचार द्यायचे हे ठरेल.

उपचार साधारण असा असतो: थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी करत आठवड्याभरात बंद. जोडीला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बऱ्याचदा आधी इंजेक्शनने. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका आणि त्यांच्यावर दारू पिऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आणखी एक. गल्लीतल्या दवाखान्यात "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" म्हणायची आपल्याकडे सवय आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ आधीच कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. कुठल्याही डॉक्टरांना आधी सांगा की मी रोज पितो.

हा आठवडा पार पडला म्हणजे दारू सुटली असं नाही. फक्त शरीर शांत झालेलं असतं. संध्याकाळी साडेसात तशीच वाजणार आणि भांडुप स्टेशनही तिथेच असणार. ग्रुपचं काम इथून सुरू होतं. पहिल्या मीटिंगसाठी मात्र आठवडा संपायची वाट पाहू नका. डॉक्टर हो म्हणाले तर गोळ्या चालू असतानाच जा.

आता ग्रुप कसा निवडायचा. लाजेमुळे जवळपास प्रत्येक जण लांबचा ग्रुप शोधतो. भांडुपचा माणूस म्हणतो, मी बोरिवलीला जाईन, तिथे मला कोण ओळखतंय? मुंबईत असा बेत दोन आठवड्यांवर टिकत नाही. एक दिवस गाडी उशिरा, दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी ऑफिसात काम निघालं. चुकलेल्या दिवशी आपण नेमके परमिट रूमच्या दारात असतो. ग्रुप तुमच्या रोजच्या वाटेवर हवा आणि त्याची वेळ तुमच्या पिण्याच्या वेळेवर बसायला हवी. बाकी सगळं यानंतर.

तुमच्याकडे परळ ते भांडुप पास असणार. त्याच पासावर दादर, माटुंगा, सायन, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग यांपैकी कुठेही उतरता येतं, वेगळं तिकीट लागत नाही. संध्याकाळच्या मीटिंगा साधारण सात-साडेसातला सुरू होतात आणि तास-दीड तास चालतात. साडेसहाला ऑफिस सुटलं तर वाटेतल्या स्टेशनवर उतरून मीटिंग करून साडेनऊच्या आसपास घरी पोचता येईल. मधला जो वेळ रोज दारूत जातो तो असा आपोआप भरतो. रविवार वेगळा बसवावा लागेल. तुम्ही दुपारपासून पिता, त्यामुळे संध्याकाळच्या मीटिंगचा तुम्हाला उपयोग नाही. रविवारी सकाळची किंवा दुपारची मीटिंग शोधा, मग तिच्यासाठी थोडं लांब जावं लागलं तरी चालेल. त्या दिवशी वेळ असतो.

शोधायचं कसं? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार माहिती आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. मुंबईचा नंबर लावा. फोन उचलणारा माणूस स्वतः दारू सोडलेला असतो, त्यामुळे लांबण लावावी लागत नाही. "मला दारू थांबवायची आहे, मराठी मीटिंग हवी आहे, मध्य रेल्वेवर परळ ते भांडुप" एवढं पुरतं. मग नीट लिहून घ्या: वार आणि वेळ, मीटिंगची भाषा, इमारतीतली नेमकी खोली आणि गेट, मीटिंग खुली की बंद, आणि तिथे पोचल्यावर फोन करायला एखाद्या सदस्याचा नंबर. शेवटची गोष्ट मागायला संकोचू नका. कागदावरचा पत्ता बरोबर असूनही माणसं परत फिरतात. शाळेची खोली परीक्षेमुळे किंवा निवडणुकीमुळे बंद असते, ग्रुप मागच्या वर्गात गेलेला असतो, वॉचमन नवीन असतो. निघण्याआधी दुपारीच एक फोन करून "आज आहे ना?" विचारून घ्या. दारावर बऱ्याचदा वर्तुळात त्रिकोण असलेलं चिन्ह किंवा नुसतं 'ए.ए.' लिहिलेला कागद असतो.

बंद मीटिंग म्हणजे फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. खुल्या मीटिंगला घरचे, विद्यार्थी, कुणीही येऊ शकतं. तुम्हाला दोन्ही चालतात. पहिल्या दिवशी बायकोला बरोबर न्यायचं असेल तर खुली बघा. बंद मीटिंगमध्ये लोक जास्त मोकळं बोलतात असं आमचं मत आहे.

चर्चचं म्हणाल तर ती जागेची सोय आहे. ए.ए. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन पिणाऱ्या माणसांनी सुरू केली. एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. भारतात ती १९५७ मध्ये आली. तिचा नियम असा की बाहेरून देणगी घ्यायची नाही, सदस्यांनी आपापसांत जमवलेल्या पैशांवरच खर्च भागवायचा. एवढ्या पैशात मुंबईत तासाभराची खोली चर्च, शाळा, नाहीतर समाजमंदिरच देऊ शकतं. त्या खोलीचा धर्माशी संबंध नाही, कुणी तुमची जात-धर्म विचारत नाही. फी नाही, फॉर्म नाही, ओळखपत्र नाही. दारू थांबवायची इच्छा एवढीच अट आहे.

पहिल्या दिवशी काय होतं ते आधी माहीत असलं की मागच्या खुर्चीवरून उठावंसं वाटत नाही. दहा मिनिटं आधी पोचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसा. सुरुवातीला क्षणभर शांतता, मग प्रार्थना, मग ए.ए. म्हणजे काय ते सांगणारा छोटा मजकूर कुणीतरी वाचतं. मीटिंग चालवणारा विचारतो, कुणी नवीन आहे का? हात वर करा. नुसतं पहिलं नाव पुरतं. मग एकेक जण उठून आपली गोष्ट सांगतो. "माझं नाव अमुक, मी मद्यपाशी" अशी सुरुवात असते, काही जण सरळ "मी बेवडा" म्हणतात. दारू कशी वाढली, काय गमावलं, आज दिवस कसा काढला. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तुमची पाळी आली तर "आज मी फक्त ऐकतो" म्हणा, त्याला पूर्ण मान असतो. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात कुणी दहा टाकतो, कुणी वीस. नव्या माणसाने काहीच टाकलं नाही तरी चालतं. मग सगळे उभे राहून शांतीची प्रार्थना म्हणतात.

आणि इथे बहुतेक नवे लोक गाडी पकडायला धावतात. तसं करू नका. त्यानंतरची चहाची पंधरा मिनिटं मीटिंगइतकीच मोलाची आहेत. तुमच्यासारखी नोकरी, तुमच्यासारखी लोकलची वाट, तुमच्या मुलीच्या वयाचं पोरगं असलेला कुणी ना कुणी तिथे असतो. त्या पंधरा मिनिटांत तीन जणांचे नंबर घ्या. नंतर त्यांना दारू प्यायच्या आधी फोन करायचा असतो, पिऊन झाल्यावर नव्हे. हे ऐकायला सोपं आहे, पण तलफ आलेली असताना अनोळखी माणसाला फोन लागत नाही, बोट थांबतं. म्हणून तलफ नसलेल्या दिवशी, दुपारच्या डब्याच्या वेळी, "सहज केला" म्हणून रोज एकाला फोन करा. आठ-दहा दिवसांत तो माणूस अनोळखी राहत नाही, मग साडेसात वाजता फोन लागतो.

एका मीटिंगवरून ए.ए.बद्दल मत बनवू नका. तुम्ही गेलात तो इंग्रजी ग्रुप होता. त्याच इमारतीत दुसऱ्या वारी मराठी किंवा हिंदी मीटिंग असू शकते. काही ग्रुपमध्ये जुने लोक तेच तेच बोलतात, काही ठिकाणी एकजण अर्धा तास घेतो, काही ठिकाणी पाचच माणसं असतात. चार-पाच वेगवेगळे ग्रुप बघा. ज्या खोलीत तुमच्यासारखी माणसं दिसतील आणि जिथे नव्याशी कुणी येऊन बोलेल, तो तुमचा होम ग्रुप धरा. तिथे दर आठवड्याला ठरल्या वारी जायचंच. खुर्च्या लावायचं किंवा चहाचं काम मागून घ्या. ज्याच्याकडे खोलीची किल्ली आहे त्याला त्या दिवशी दांडी मारता येत नाही.

किती वेळा जावं? नव्यांना नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग असं सांगितलं जातं. जमलं तर उत्तमच. पण तुमच्या नोकरीत ते दहाव्या दिवशी मोडेल आणि मोडलं की सगळंच सोडावंसं वाटेल असं वाटत असेल, तर पहिले तीन महिने आठवड्याला किमान चार धरा, त्यात रविवार आणि पगाराचा दिवस हवेतच. ऑनलाइन मीटिंगाही असतात. सायन-कुर्ल्याला पाणी भरून गाड्या बंद पडल्या की त्या कामाला येतात. रोजच्या मीटिंगची जागा मात्र त्यांना देऊ नका. व्हिडिओ बंद करून ग्लास हातात धरता येतो, खोलीत तो धरता येत नाही.

देवाचं बोलणं तुम्हाला खटकलं. ए.ए.चा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे, त्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण "आम्हाला जसा उमगला तसा" या शब्दांत. कुणी विठ्ठल मानतो, कुणी निसर्ग, कुणी समोरच्या वीस न पिणाऱ्या माणसांनाच मोठी शक्ती मानतो आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं सोबर, म्हणजे दारूविना, राहतो. तरीही जमलं नाही तर मार्ग संपत नाही. १९८६ साली पुण्यात सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आणि १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी सुरू केलेलं कृपा फाउंडेशन ही दोन नावं खात्रीची आहेत. कृपामध्ये योगावर मोठा भर असतो. दोन्हीकडे फोन करून दाखल न होता बाहेरून येता येईल असा गट मुंबईत कुठे भरतो ते विचारा. रुग्णालयातले समुपदेशकही गट चालवतात, ओपीडीत चौकशी करा.

ग्रुपचा खरंच उपयोग होतो का, ही शंका मनात असणारच. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्या उपचारांमध्ये माणसाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलं जातं, त्यांत वर्षभरानंतर पूर्ण न पिणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्के होतं, इतर मानसोपचारांत ३५ टक्के. म्हणजे हमखास इलाज नव्हे, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा फरक मोठा आहे. आणि आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळते. तुम्ही पत्र लिहिलंत, म्हणून तुम्ही त्या ३७ जणांतून बाहेर पडू शकता.

ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटेल, कदाचित. तोही तिथे त्याच कारणासाठी आलेला असेल आणि त्यालाही तुमच्याइतकीच भीती असेल. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं, हा नियम लोक मनापासून पाळतात. तरी दोन गोष्टी सांभाळा. सदस्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये गेलात की तुमचा नंबर आणि डीपी सगळ्यांना दिसतो. नको असेल तर "सध्या नको" म्हणा. आणि ही गुप्तता विश्वासावर चालते, कायद्यावर नाही, म्हणून ऑफिसच्या पैशांची भानगड वगैरे काही असेल तर ते भर मीटिंगमध्ये न बोलता एकट्या स्पॉन्सरशी (तो कोण ते पुढे सांगतो) किंवा वकिलाशी बोला. एक विचार करा: स्टेशनबाहेर परमिट रूममध्ये बसलेलं तुम्हाला अख्ख्या भांडुपने पाहिलेलं आहे.

स्पॉन्सर म्हणजे तुमच्या आधी या वाटेने गेलेला, निदान वर्षभर सोबर असलेला माणूस. पुरुषाने पुरुषच निवडावा. महिनाभर ऐकल्यावर ज्याचं बोलणं पटलं त्याला सरळ विचारा. तो पैसे उसने देत नाही, घरच्या भांडणात पंच होत नाही आणि डॉक्टरही नसतो. कुणी म्हणालं की "गोळ्या घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस", तर ते ऐकू नका. ए.ए.ची स्वतःची भूमिका अशी आहे की सदस्यांनी डॉक्टर बनू नये. गोळ्या थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

कुठे घसरायला होतं ते आधीच सांगून ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खूप बरं वाटतं, झोप लागते, हात स्थिर होतात. तेव्हाच "आता कंट्रोलमध्ये आहे, एक बिअर चालेल" हा विचार येतो. उपाशी पोट आणि थकवा यांना तलफ फार लवकर पकडते, म्हणून बॅगेत चणे, केळं, काहीही ठेवा आणि गाडीत चढण्याआधी खा. भांडुपला पुलाच्या दुसऱ्या टोकाने उतरा, रिक्षाचे पैसे जास्त गेले तरी चालतील. गटारी, विसर्जनाची रात्र, एकतीस डिसेंबर, धुळवड हे दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करून त्या दिवशीची मीटिंग ठरवून ठेवा. मित्रांना लांबलचक कारणं देऊ नका. "डॉक्टरांनी बंद केलीय, गोळ्या चालू आहेत" एवढ्यावर मुंबईत पुढे कुणी आग्रह करत नाही.

घसरलात तर दुसऱ्या दिवशी मीटिंगला जा. त्याला तिथे स्लिप म्हणतात आणि त्यावरून कुणी हाकलत नाही. पिऊन गेलात तरी गप्प बसून ऐकायला हरकत नसते. मात्र स्लिप एका संध्याकाळची न राहता पुन्हा रोजची झाली असेल, तर स्वतःहून झटक्यात थांबवू नका. परत ओपीडी.

आता पुडी. बायकोशी भांडू नका. तिने ती घाबरून आणली आहे. पण ती आजच कचऱ्यात जाऊ द्या. "न सांगता दारू सोडवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम हे औषध असू शकतं. दारू शरीरात मोडताना आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होतं आणि मग तेही मोडलं जातं. हे औषध दुसरी पायरीच अडवतं. विष साठतं, चेहरा लाल होतो, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. न सांगता दिलं आणि वर तुम्ही दीड क्वार्टर घेतलीत तर जीव जाऊ शकतो. हेच औषध माणसाला सांगून, यकृताच्या तपासण्या करून, दारू थांबल्यानंतर डॉक्टरांनी दिलं तर उपयोगी असतं. तेव्हाही लक्षात ठेवा, गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो आणि दारू फक्त बाटलीत नसते. काही खोकल्याची औषधं, माउथवॉश, द्राक्षासव किंवा अशोकारिष्टासारखी आसवं-अरिष्टं, सगळ्यांत अल्कोहोल असतं.

बायकोसाठीही ग्रुप आहे. अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची वेगळी संघटना आहे, तुम्ही सोडा अगर नका सोडू, ती जाऊ शकते. मुक्तांगणमध्येही पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. तिला बाटल्या शोधणं, तोंडाचा वास घेणं, ऑफिसात खोटी कारणं सांगणं यातून सुटका हवी आहे. तुम्ही डॉक्टरांकडे जाल त्याच आठवड्यात तिनेही एक मीटिंग बघावी.

आणि तिला हे लिहून द्या. तुम्हाला फिट आली तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, तोंडात चमचा किंवा पाणी घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, १०८ ला फोन करायचा. तुम्ही असंबद्ध बोलायला लागलात, कुणी दिसतंय-ऐकू येतंय म्हणालात किंवा तापलात, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय. सकाळची वाट पाहायची नाही. बोलायला कुणी हवं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत.

मुलीचं शेवटी. बारा वर्षांच्या मुलीला सगळं आधीच माहीत असतं, फक्त घरात त्यावर कुणी बोलत नाही म्हणून ती स्वतःच्या मनाने कारणं शोधते आणि त्यात बऱ्याचदा स्वतःलाच धरते. दोघांनी मिळून, तुम्ही प्यायलेले नसताना, दुपारच्या वेळी तिला सांगा: बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, त्यावर उपचार सुरू केलेत, मंगळवार ते शुक्रवार आणि रविवारी बाबा मीटिंगला जातील, घरी उशिरा येतील. "आता पुन्हा कधीच पिणार नाही" अशी शपथ तिच्या डोक्यावर हात ठेवून घेऊ नका. स्लिप झाली तर ती तुमच्या दारूसोबत तुमच्या शब्दाचाही हिशेब ठेवायला लागेल. तिला बाटली शोधायला किंवा "बाबांवर लक्ष ठेव" असं सांगायला बायकोनेही जाऊ नये. मीटिंगचे वार फ्रिजवर कागद लावून लिहा आणि उशीर होणार असेल तर साडेआठला तिला स्वतः फोन करा.